पिशव्या येईपर्यंत

मंगळवारी दुपारी तीन वाजता नदी बांध ओलांडून लिबोद वस्तीत शिरली. निम्फा रावालोने ही वेळ आरोग्य केंद्राच्या कॅलेंडरवर, मंगळवारच्या चौकोनात, निळ्या पेनाने लिहिली. मग शुक्रवारच्या चौकोनातही तोच आकडा लिहिला : तीन. मधे बहात्तर तास होते.

पुराच्या पाण्यात उंदरांच्या मुतातले जंतू उतरतात. पायाच्या भेगेतून, काट्याने खरचटलेल्या जागेतून ते अंगात शिरतात आणि आठ-दहा दिवस काही कळू देत नाहीत. मग एकाएकी ताप भरतो, पोटऱ्या ठणकायला लागतात, डोळे आधी लाल आणि मग पिवळे होतात, आणि शेवटी लघवी बंद होते. लघवी बंद झालेल्या माणसाला नागा शहरात न्यायला तीन तास लागतात, तेही रस्ता धड असेल तर. पण पाण्यात उतरल्यापासून बहात्तर तासांच्या आत डॉक्सिसायक्लिनच्या दोन कॅप्सूल पोटात गेल्या, की धोका पुष्कळ कमी होतो. इतकं सोपं काम. बावीस वर्षं नर्स म्हणून राबल्यावर निम्फाला इतकी सोपी कामं फारशी उरली नाहीत हे ठाऊक होतं.

बुधवारी प्रांताच्या ट्रकमधून आठ खोकी आली होती. प्रत्येक खोक्यात हजार कॅप्सूल. तीन बुडालेल्या वस्त्यांतली लहान मुलं आणि गरोदर बाया वगळल्या, तर तीन हजार सातशेच्या आसपास माणसं होत होती. म्हणजे औषध पुरून उरणार होतं.

आणि गुरुवारी सकाळी दहा वाजता ती आठही खोकी नगरभवनाच्या भांडारात कुलपाआड पडून होती, कारण पिशव्या आल्या नव्हत्या.

"मानाय, पिशव्या छापून तयार आहेत," मेयरच्या कचेरीतला जोव्हेन तियांको तिला सांगत होता. मानाय म्हणजे थोरली बहीण. जोव्हेन मनिलाहून आलेला, मेयरचे फोटो आणि भाषणं सांभाळणारा. सांता रेहिना गावात सगळ्यांची आडनावं 'र'ने सुरू होतात. जोव्हेनचं होत नव्हतं, आणि तो तोंड उघडायच्या आधीच तो बाहेरचा हे कळायचं. "नागात वीज नव्हती म्हणून अडकलं. उद्या सकाळी मी स्वतः गाडी घेऊन जातो आणि घेऊन येतो. दुपारपर्यंत पक्कं."

"मला पिशव्या नकोत रे. मला कॅप्सूल हव्यात."

"पण कॅप्सूल पिशवीतूनच देणार ना!"

"माणूस पिशवी गिळत नाही, जोव्हेन."

तो हसला. विनोद वाटला त्याला. तेवढ्यात आतून हाक आली, "निम्फा आहे का ती? पाठव आत."

मेयर एलिसेओ रिकाफ्रेंते खुर्चीतून उठला, तिच्यासाठी दुसरी खुर्ची त्याने स्वतः ओढली. हे त्याने अजून सोडलं नव्हतं. मतपत्रिकेवर त्याचं नाव 'डॉक सेओ' असंच छापलेलं असे. नाडीला हात लावून नऊ वर्षं झाली होती तरी. टेबलावर स्टेथोस्कोप होता. त्याचं रबर चिरून पांढरं पडलं होतं, पण फोटोत ते दिसत नाही.

"बस गं. जेवलीस का? पान्देसाल पाव आहे, घे."

"डॉक, खोकी सोडा. मी आजच वाटायला घेते. उद्या तीनला बहात्तर तास संपतात."

"उद्या पिशव्या येतील की."

"आल्या तरी भरायला चार तास. वाटायला आणखी चार."

डॉकने नाकावरचा चष्मा वर सरकवला. "हे बघ. औषध प्रांतातून आलंय. कालपासून गव्हर्नरची माणसं वस्त्यांत फिरतायत, तांदळाच्या पोत्यांवर त्याचं नाव छापलंय. आपण हे औषध साध्या कागदात दिलं, की उद्या लोक म्हणणार गव्हर्नरने दिलं. मेच्या निवडणुकीत मी पडलो तर ही खुर्ची गव्हर्नरच्या त्या भात-गिरणीवाल्याला. तुझं केंद्र तो चालवेल? त्याला डॉक्सिसायक्लिन म्हणजे काय, हे तरी माहितीये? मी टिकलो तरच औषध टिकेल, निम्फा. इतकं साधं आहे."

"आणि त्यात लोक टिकले नाहीत तर?"

"ती बहात्तरची सूचना आहे गं, काय दगडावर कोरलेली नाही. पंच्याहत्तराव्या तासाला दिलं म्हणून काय विष होतं?"

"विष होत नाही. पण तुम्हीच म्हणायचात, जंतूकडे घड्याळ नसतं, म्हणून ते आपल्याला सांभाळावं लागतं."

डॉक हसला. जुनी ओळख निघाल्यावर माणूस हसतो तसा. "असं म्हणायचो मी? काय गं स्मरणशक्ती तुझी!" मग पावाचा तुकडा मोडत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "डिसेंबरात तुझा कागद येईल ना सहीला? आठवण कर मला. गर्दीत राहून जायचा."

निम्फाची नेमणूक सहा-सहा महिन्यांची होती. बावीस वर्षांत चव्वेचाळीस वेळा तिच्या कागदावर कोणा ना कोणा मेयरने सही केली होती. शेवटच्या नऊ सह्या या माणसाच्या. ती उठली. पान्देसाल तिने घेतला नाही.

नगरभवनाबाहेर रुग्णवाहिका उभी होती. दोन्ही दारांवर डॉकचा चेहरा, आणि मागच्या दारावर, जिथून रोग्याला आत सरकवतात, वर केलेला अंगठा. निम्फा तिच्या शेजारून गेली आणि तिला रागापेक्षा आधी लाज वाटली. कारण या माणसाला निवडून आणायला वस्त्या-वस्त्यांतून तीही हिंडली होती.

अबाकाच्या झाडातून दोर काढणाऱ्या मजुराचा हा मुलगा. चर्चने वर्गणी काढून त्याला मनिलाला वैद्यकी शिकायला धाडलं. बरोबरीचे सगळे अमेरिकेला गेले आणि हा परत आला. चौदा वर्षं त्याने आरोग्य केंद्र चालवलं. मोठ्या पुराच्या वर्षी छातीभर पाण्यातून तो आणि निम्फा घरोघरी गेले होते. कॅप्सूल डोक्यावर धरलेल्या पावाच्या पिशवीत. पुड्या मुलांच्या जुन्या वह्यांच्या कागदाच्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी डॉकने प्रत्येक पुडीवर चित्र काढलं होतं : एक ताट, त्यापुढे दोन ठिपके, म्हणजे जेवल्यावर दोन. त्याखाली आडवा पडलेला माणूस आणि त्यावर फुली, म्हणजे गिळून लगेच आडवं व्हायचं नाही, घसा जळतो. एकाच रात्रीत त्याने बाराशे ताटं काढली होती. त्या वर्षी शेजारच्या गावात नऊ माणसं गेली, सांता रेहिनात एकही नाही. पुढच्या निवडणुकीत लोकांनी त्याला उचलून नगरसभेत बसवलं, मग उपमेयर, मग मेयर. मतं खरी त्या पुड्यांना पडली होती.

आता त्याची बायको नगरसभेत होती, आणि युवा मंडळ पुतण्याच्या हातात.

दुपारी निम्फा लिबोदमध्ये गेली. निदान कोण कोण पाण्यात उतरलं याची यादी तरी करून ठेवावी म्हणून. पाणी ओसरलं होतं, पण चिखल घोट्यापर्यंत होता आणि भिंतींवर कमरेएवढ्या उंचीची तपकिरी रेघ उमटली होती. लेओपोल्दो रेफ्रान, सगळ्यांचा मानोय, म्हणजे दादा, पोल्दो, दारात उकिडवा बसून रेड्याच्या दोरखंडाचा चिखल खरवडत होता. त्याच्या टाचांच्या भेगांत नाणं उभं राहील एवढी जागा होती.

"मानोय, किती वेळ होतात पाण्यात?"

"रेडा जितका वेळ होता तितका. त्याला विचार, त्याला घड्याळ कळतं."

"चेष्टा नको. उद्या तुम्हाला दोन कॅप्सूल घ्यायच्या आहेत."

"औषध ना? आहे की माझ्याकडे." पोल्दो उठला, आत गेला, आणि सान्तो निन्योच्या, बाळ येशूच्या, मूर्तीमागून त्याने दोन बोटांत धरून काहीतरी काढून आणलं. पिवळीधमक चकचकीत पिशवी. तिच्यावर डॉकचा हसरा चेहरा आणि खाली, 'तुमचा डॉक, सदैव तुमच्यासोबत'. कडा चिकटवलेल्या होत्या तशाच होत्या.

निम्फाने पिशवी उजेडात धरली. आत दोन कॅप्सूल. "ही गेल्या वर्षीच्या पुरातली आहे."

"हो. जपून ठेवलीये."

"का? खाल्ल्या का नाहीत?"

"खायच्या होत्या?" पोल्दो गोंधळला. "मला वाटलं, ख्रिसमसची भेट आहे. किती छान छापलीये बघ ना."

"कोणी सांगितलं नाही कशा घ्यायच्या?"

"सांगितलं ना. फोटो काढताना म्हणाले, हसा."

आतून त्याची बायको ओरडली, "मी उंचावर ठेवली म्हणून वाचली. सगळं घर भिजलं, डॉक कोरडा राहिला!"

निम्फाने पिशवी उलटी केली. मागे मेयरच्या अकरा कामांची यादी होती. एक पूल, दोन सभागृहं, एक बास्केटबॉलचं छतदार मैदान, असं काय काय. दोन, जेवल्यावर, आडवं व्हायचं नाही : यातलं एक अक्षर नव्हतं. चेहऱ्याने जागाच ठेवली नव्हती. मुदत सात महिन्यांपूर्वी संपली होती. या जातीचं औषध जुनं होऊन बिघडलं, तर ते मूत्रपिंडालाच इजा करू शकतं. ज्यापासून वाचवायचं, तेच.

"ही मला द्या, मानोय. ही आता घ्यायची नाही."

"ने. तोमासकडेपण होती एक," पोल्दो म्हणाला. तोमास त्याचा धाकटा भाऊ. गेल्या डिसेंबरात गेला; ताप, मग डोळे पिवळे, नागाला पोचेपर्यंत शुद्ध नव्हती. "त्याची काही तुला मिळायची नाही."

"का?"

"आम्ही ती त्याच्या शवपेटीत ठेवली. उशाशी. डॉकने हातात दिलेली वस्तू, रोज मेणबत्ती लावायचा तो तिच्यासमोर. रिकाम्या हाताने कसा पाठवायचा त्याला?"

तो हे सहज म्हणाला आणि पुन्हा दोरखंड खरवडायला लागला. निम्फा तिथेच चिखलात उभी राहिली. दोन कॅप्सूल. तोमासच्या घरात, तोमासच्या डोळ्यांसमोर, दहा-बारा दिवस दोन कॅप्सूल होत्या, आणि त्याने त्यांच्यासमोर मेणबत्ती लावली होती. तिला डॉकचा चष्मा सरकवणारा हात आठवला. त्याला माहीत होतं. जोव्हेनला माहीत नसेल, पण त्याला ताट माहीत होतं, ठिपके माहीत होते, फुली माहीत होती. ज्याला कळत नाही त्याची चूक होते. याला सगळं कळत होतं.

केंद्रात परत आल्यावर तिने औषधाचं कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला कागद होता. पिवळा पडलेला, भाताच्या खळीने चिकटवलेला, रोज डोळ्यांसमोर असूनही कित्येक वर्षांत न वाचलेला.

'पुराचं पाणी गावात शिरल्यास परिचारिकेने माझ्या सहीची, माझ्या येण्याची किंवा आणखी कोणाच्याही परवानगीची वाट पाहू नये. भांडारातून लागेल तेवढं औषध घ्यावं. पाण्यात उतरलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला दोन कॅप्सूल, जेवणानंतर, बहात्तर तासांच्या आत. — ए. रिकाफ्रेंते, आरोग्य अधिकारी.'

तिने नखाने कोपरा उचकटून पाहिला. कागद फाटायला लागला. मग तिने पेचकस शोधला. दोन बिजागऱ्या होत्या आणि चार स्क्रू.

शुक्रवारी सकाळी सात वाजता भांडारपाल सालुद रेबुएनो कुलूप काढत होती, तेव्हा निम्फा ट्रायसिकल रिक्षातून कपाटाचं दार घेऊन उतरली.

"हे काय गं? दार?"

"कागद निघत नव्हता, मानाय सालुद. म्हणून दारासकट आणला."

सालुदने तीस वर्षांत कागदाशिवाय कोणाला टाचणीसुद्धा दिली नव्हती. खुद्द मेयरलाही नाही. तिने चष्मा लावला, दार भिंतीला टेकवलं, ओळीवर बोट फिरवत वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"सही त्यांचीच आहे. ही शेवटची शेपटी रोज बघते मी. पण तारीख नाही."

"'पुराचं पाणी शिरल्यास' लिहिलंय. शिरलंय."

"ते दिसतंय, माझ्या चपला वाहून गेल्या." सालुद विचारात पडली. "तेव्हा ते आरोग्य अधिकारी होते. आता आरोग्य अधिकारी कोण?"

"कोणी नाही. चार वर्षं जागा रिकामी आहे."

"हुकूम रद्द केल्याचा कागद आलाय?"

"नाही."

"मग चालू आहे. मला काय, मला कागद लागतो." तिने नोंदवही उघडली. "तो मनिलाचा पोरगा पिशव्या आणायला गेलाय ना? दुपारशिवाय येत नाही. इथं सही कर. आणि नीट कर हं. औषध पोचलं तर मेयरने दिलं, हरवलं तर तू."

आठ वाजता बास्केटबॉलच्या छतदार मैदानात खोकी उघडली. वस्त्यांतल्या आरोग्य-स्वयंसेविका गोल करून बसल्या, शाळेने दिलेल्या जुन्या वह्या फाडायच्या, पुड्या बांधायच्या, पेनाने ताट आणि ठिपके काढायचे. एकीचं ताट टोपीसारखं दिसत होतं; बाकीच्या तिला हसत होत्या. घरून जेवून न आलेल्यांना आधी पेज दिली जात होती. निम्फाने एकच नियम केला : पुडी घरी न्यायची नाही, तिच्यासमोर फोडायची आणि गिळायची.

पोल्दो आला, दोन्ही कॅप्सूल एकदम टाकून पाणी प्यायला, आणि म्हणाला, "आता हसू का?"

"नको. आणखी एक पेला प्या."

अडीच वाजेपर्यंत तीन हजार सहाशे चौदा नावांपुढे खूण झाली होती. एकोणनव्वद जण आले नव्हते. त्यांच्यासाठी दोन होड्या आणि एक ट्रायसिकल सुटली होती. शेवटची होडी परतली तेव्हा तीनला दहा मिनिटं कमी होती. सहा माणसं सापडलीच नाहीत. त्यांची नावं निम्फाने वेगळ्या कागदावर लिहिली.

सव्वाचार वाजता मेयरची गाडी आली. पुढे फोटोवाला, मागे जोव्हेन, त्याच्या हातात पिवळ्या पिशव्यांचे गठ्ठे. मैदानात बाया खोक्यांचे पुठ्ठे दुमडत होत्या. डॉकने ते पाहिलं आणि तो थांबला.

"हे कोणाच्या परवानगीने?"

निम्फाने बास्केटबॉलच्या खांबाकडे बोट दाखवलं. तिथे कपाटाचं दार टेकवून ठेवलं होतं. डॉक जवळ गेला, वाकला. वाचताना त्याचे ओठ हलत होते.

"हे जुनं आहे," तो म्हणाला.

"पूरही जुनाच आहे, डॉक. किती वाजले?"

त्याने सवयीने मनगटाकडे पाहिलं.

"सव्वाचार. मी पिशव्यांची वाट बघितली असती, तर पहिली पिशवी आत्ता कुठे भरायला घेतली असती. शेवटची वाटून होईपर्यंत मध्यरात्र."

"कचेरीत बोलू, निम्फा."

"तोमास रेफ्रानची गेल्या वर्षीची पिशवी अजून फोडलेली नाही," ती म्हणाली. आवाज चढवायची गरजच नव्हती. सगळे ऐकत होते. "दफनभूमीत आहे. त्याच्या उशाशी. त्याला वाटलं, तुम्ही त्याला तुमचा फोटो दिलात. चौदा वर्षं तुम्ही ताट काढत होतात, डॉक. एका ताटापुरती तरी जागा ठेवायची होती चेहऱ्याशेजारी!"

पोल्दो उभा राहिला होता. त्याने टोपी काढली नव्हती, आणि सांता रेहिनात मेयरसमोर टोपी न काढलेला म्हातारा ही लहान गोष्ट नव्हती.

जोव्हेन हळूच पुढे झाला. "सर, प्रकाश चांगला आहे. नुसत्या पिशव्या वाटल्या तरी... फोटोत आतलं दिसत नाही."

डॉकने त्याच्याकडे पाहिलं. निम्फाला क्षणभर वाटलं, आता हा जोव्हेनच्या हातातले गठ्ठे चिखलात फेकेल. तसं व्हावं असं तिला वाटलं, हे खरं. पण डॉकने शर्ट सारखा केला आणि पहिली पिशवी उचलली.

लोकांनी घेतल्या. दोन्ही हातांनी, वाकून, कारण देणाऱ्याच्या हातातली वस्तू नाकारायची कशी हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. एका म्हातारीने पिशवी कानाशी नेऊन हलवली. "डॉक, हिच्यात काहीच वाजत नाही!" कोणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कोणी. फोटोवाल्याने कॅमेरा खाली केला. डॉक तरीही वाटत राहिला.

जाताना तो जोव्हेनला म्हणाला, "ते दार गाडीत टाक."

"टाकता येणार नाही," मागून सालुद म्हणाली. ती नोंदवही काखेत मारूनच आली होती. "दार, लाकडी, एक, आरोग्य केंद्राच्या यादीत आहे. माझ्या कागदाशिवाय हलत नाही. कागदासाठी सोमवारी अर्ज करा."

त्या महिन्यात, आणि पुढच्याही, सांता रेहिनात कोणाचे डोळे पिवळे झाले नाहीत. न सापडलेल्या सहांपैकी एकाला ताप आला. निम्फाने त्याला त्याच दिवशी नागाला धाडलं, आणि तो चालत परत आला.

डिसेंबरात तिचा कागद सहीहून परत आला नाही. गर्दीत राहून गेला, असं जोव्हेनने कळवलं. तिच्या जागी राफाएला नावाची नवी मुलगी आली. तेवीस वर्षांची, गणवेशाची घडी न मोडलेली. निम्फाने तिला चाव्या दिल्या, लशींचं शीतकपाट दाखवलं, कुठला नळ गळतो ते सांगितलं. मग पुन्हा दार बसवलेलं औषधाचं कपाट उघडून, आतल्या कागदावर बोट ठेवत म्हणाली, "हे मोठ्याने वाच."

राफाएलाने शेवटपर्यंत वाचलं आणि सहीपाशी थांबली. "मानाय, हे आपले मेयर का?"

"नाही," निम्फा म्हणाली. "हा डॉक्टर होता."